उठायला आठ आठवडे

मी पडले नव्हते, हे आधी सांगून टाकते. घरात अजूनही सगळे "आई पडली तेव्हा" असंच म्हणतात, आणि ते साफ चूक आहे. मी शुद्धीत, स्वतःच्या पायांनी, दुपारी अडीच वाजता जमिनीवर बसले होते. शेजारणीच्या बैठकीच्या खोलीचे पडदे कापायचे होते. कापड इतकं लांबरुंद की जेवणाच्या टेबलावर मावेना, म्हणून फरशीवर अंथरलं. कपड्यांच्या कारखान्यात बेचाळीस वर्षं कटिंग मास्तर म्हणून काढलेल्या बाईला चार पडदे म्हणजे हातचा मळ. तासाभरात कापून, घड्या घालून झाले. आणि मग लक्षात आलं की मला उठता येत नाही.

गुडघा दुखत नव्हता, चक्कर येत नव्हती. नुसतं उठायचं कसं, हेच शरीराला सुचेना. खुर्ची धरली तर ती गुळगुळीत फरशीवरून मागे सरकली. बसल्या बसल्या सोफ्यापाशी गेले, तर त्याची गादी इतकी मऊ की कोपर आत रुतलं. फोन टेबलावर. खालच्या मजल्यावर माझी नणंद राहते, तिला हाका मारल्या. वन्सं दुपारी कानातलं यंत्र काढून ठेवतात हे मला माहीत होतं, तरी मारल्या. पाच वाजता त्या नेहमीप्रमाणे स्वतःजवळच्या किल्लीनं दार उघडून चहाला वर आल्या. मी सोफ्याच्या पायथ्याशी बसलेली. त्यांनी मला नीट पाहून घेतलं.

"वहिनी, काय हरवलंय?" त्या म्हणाल्या.

वन्सं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे एकोणसत्तरच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकायची सवय आणि ऐकलेलं पुढे सांगायची त्याहून जास्त. पन्नास वर्षं आम्ही एकमेकींना अहो-जाहो करत भांडत आलो आहोत. मी बजावलं, "हे माझ्या लेकीला सांगायचं नाही." त्यांनी दोन दिवस कळ काढली. माझ्या माहितीत तो त्यांचा विक्रम आहे.

माझी लेक पुलांची तपासणी करते. कुणाच्याही घरी गेली तरी तिची नजर आधी भिंतीच्या कोपऱ्यात जाते, तडा शोधायला. रविवारी ती आली आणि त्याच नजरेनं माझ्याकडे बघत बसली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडच्या मागच्या खोलीला रंग देऊन घेतलाय. तू आता तिकडेच राहायला ये."

"आणि हे घर?"

"ते नंतर बघू."

या घरात मी चौतीस वर्षं राहते. हे गेले त्यालाही नऊ वर्षं झाली. फार मोठं घर नाही, पण स्वयंपाकघराला उत्तरेकडची खिडकी आहे, आणि तिच्या उजेडात काळा दोरा आणि गडद निळा दोरा वेगळे ओळखू येतात. असा उजेड सगळ्या घरांत नसतो. शिवाय सकाळी उठल्यावर अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही ही चैन मला साठीनंतर मिळाली, ती इतक्यात सोडवत नव्हती.

"का गं," मी म्हटलं, "पुलाला तडा दिसला की लगेच पाडता का तुम्ही?"

"नाही. दुरुस्तीला मुदत देतो."

"मग मलाही दे."

तिला हसायचं नव्हतं, तरी ओठांचा कोपरा हललाच. मग तिनं अटी घातल्या. मुदत आठ आठवडे. खोलीच्या मधोमध उताणं झोपायचं आणि कशालाही, कुणालाही न धरता उठून उभं राहायचं. तीनदा.

"तीनदा कशाला?"

"एकदा नशिबानंही जमतं," लेक म्हणाली. "आणि नाही जमलं, तर महिनाअखेर सामान बांधायचं. कुरकुर न करता."

मी हो म्हटलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला नागरिकांसाठीचं केंद्र आहे. खाली वाचनालय, वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन दालनं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता डावीकडे योगा आणि उजवीकडे बार. बार म्हणजे बॅले नाचणाऱ्या मुली भिंतीलगतचा लाकडी दांडा धरून करतात ना, त्या धर्तीचा व्यायाम. या नावावरून जो विनोद कुणालाही सुचेल तो वन्संनी पहिल्याच दिवशी जिन्यात मोठ्यानं करून संपवला, त्यामुळे मी इथे करत नाही. नवीन माणसाला दोन्हीकडे एकेक तास करून बघायची मुभा होती. मला ते पटलं. आम्हीही महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी साध्या कापडावर नमुना शिवून अंगावर चढवून बघायचो.

मंगळवारी योगा पाहिला. शिकवणारे गृहस्थ निवृत्त बसचालक होते, सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. पोट सुटलेलं, आवाज खोल, आणि बोलणं असं संथ की पुढचा शब्द येईपर्यंत माणूस दोनदा श्वास घेऊन मोकळा. पहिलीच सूचना, "सावकाश खाली या." मी सावकाश आले. तेवढं येतं मला. बाकीचा तास मांडी घाल, पाय पसर, एका कुशीवर वळ, यात गेला. शेवटी सगळे उठले, चटया गुंडाळल्या, आणि मी आपली चटईवर. ड्रायव्हरसाहेबांनी एका बाजूनं धरलं, वन्संनी दुसऱ्या बाजूनं. रुमालात अडकलेलं बटण सोडवावं तसं मला सगळ्यांदेखत सोडवलं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

वन्संना मात्र योगा पसंत पडला. "शेवटची दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं असतं," त्या म्हणाल्या. "यासाठी मी आयुष्यभर थांबले होते."

शुक्रवारी उजवीकडच्या दालनात गेले. शिकवणारी मुलगी तिशीची, काटकुळी, डोक्यावर घट्ट अंबाडा. तळव्यांना रबराचे ठिपके असलेले मोजे घालायचे, दांड्यावर हात ठेवायचा आणि संगीताच्या ठेक्यावर टाचा उचलायच्या, गुडघे थोडे वाकवायचे, परत टाचा. हालचाली बोटाच्या पेराएवढ्या, पण दहाव्या वेळी मांड्या अशा थरथरतात की शेजारणीला जाणवावं. दांड्यावर हात ठेवला आणि मला काय वाटलं ते कसं सांगू. तो बरोबर आमच्या कटिंगच्या टेबलाच्या उंचीचा होता.

आमचं ते टेबल बावीस फूट लांब होतं. त्यावर कापडाचे चाळीस चाळीस थर एकावर एक पसरलेले, वरच्या थरावर खडूच्या खुणा, आणि मी कडेनं चालत चालत कापत जायची. मी बुटकी. पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचायला चवड्यांवर उभं राहावं लागे, दिवसातून शंभरदा तरी. सकाळी आठला दिवे लागले की टेबलाच्या दोन्ही बाजूंनी आम्ही सहा जणी, आणि टोकाला रेडिओ. काय हसायचो आम्ही. एकीनं नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल केली आणि सगळ्यांच्या विजेच्या कात्र्या थांबल्या, हे मला कालसारखं आठवतं.

तर टाचा उचलायची वेळ आली आणि मी उचलल्या. अंबाडावाली थांबून बघायला लागली.

"आजी, तुम्ही पूर्वी नाचत होता का?"

"टेबलाभोवती," मी म्हटलं.

"आणि हात बघा सगळ्यांनी," ती बाकीच्यांना म्हणाली. "दांड्यावर असा हलका हवा. भार दांड्यावर नाही, पायांवर. आजींचा हात बघा, पान पडल्यासारखा आहे."

माझ्या वयात कुणी वर्गाला आपल्याकडे बघायला सांगितलं तर बहुधा कुठलीतरी चेन उघडी राहिलेली असते. मी हरखून गेले. त्याच दिवशी खाली जाऊन बारला नाव घातलं.

जिन्यात वन्संनी गाठलं. "वहिनी, परीक्षा कशाची आहे?"

"उठायची."

"आणि तुम्ही नाव कुठे घातलंत? जिथे कुणी बसतच नाही तिथे."

"पायात ताकद आली की आपोआप उठता येतं," मी म्हटलं. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. निदान ऐंशी टक्के.

पुढचे चार आठवडे मी मजेत काढले. माझी जागा खिडकीजवळची, तिसरी. बँकेत काम करणारी एक आणि नुकतीच आई झालेली एक, अशा दोघी शेजारी. त्या थरथरून दांड्याला लोंबकळायच्या आणि मी त्यांना कारखान्यातल्या गोष्टी सांगायची. अंबाडावाली म्हणायची, "आजी, बोलणं बंद," आणि मग स्वतःच विचारायची, "मग पुढे काय झालं?" संध्याकाळी लेकीचा फोन आला की मी सांगायची, "छान चाललंय." खोटं नव्हतं. फक्त ती ज्याबद्दल विचारत होती त्याबद्दल नव्हतं.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी वन्सं चहा घेता घेता म्हणाल्या, "आता झोपा बघू जमिनीवर."

"आत्ता?"

"तीन आठवडे राहिलेत. मी आहे तोवर झोपा. नाहीतर मग पाच वाजेपर्यंत वाट बघावी लागते."

मी चटई टाकून उताणी झोपले. कुशीवर वळले, कशीबशी बसले. पाय मजबूत झाले होते हे खरं, मांड्या दगडासारख्या. पण मला उचलायला कुठून सुरुवात करावी ते त्या दगडांना कळेना. तीनदा धडपडले आणि तिन्ही वेळा बुडावर परत. वन्सं खुर्चीवर बसून बघत होत्या. टोमणा मारला नाही. कपातला चहा संपवला, कप बाजूला ठेवला, आणि नुसता हात पुढे केला. तेव्हा मी घाबरले.

रात्रीपर्यंत विचार करत बसले. कारखान्याच्या विक्रीच्या दुकानात मी अशा किती बायका पाहिल्या होत्या. नवं काहीतरी हवं म्हणून यायच्या, चार नमुने अंगाला लावून बघायच्या, आणि शेवटी जुन्या कपड्यासारखाच कपडा घेऊन खूश होऊन जायच्या, कारण आरशात ओळखीचं माणूस दिसायचं. मी मनात हसायची त्यांना. आणि स्वतः काय केलं, तर दोन दालनांतलं तेच निवडलं जिथे मला आधीपासून येत होतं.

पुढच्या मंगळवारी मी अंबाडावालीला सांगून डावीकडच्या दालनात गेले. तिथे सगळ्यांसमोर ड्रायव्हरसाहेबांना माझी अट सांगितली. आठ आठवडे, तीनदा, घर. चोरण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे सहा तास आहेत आपल्याकडे."

"पुरतील?"

"आतापर्यंत तुम्ही गाडी सरळ वर उचलायला बघताय. गाडी वळवून काढायची असते."

त्यांनी पायऱ्या पाडून दिल्या. उताणं असताना गुडघे जवळ. मग कुशीवर. तिथे दोन श्वास. मग दोन्ही तळहात छातीसमोर जमिनीवर, आणि ढकलून चौरंगासारखं चार पायांवर. तिथून एक पाऊल पुढे, हातांच्या शेजारी. मग त्या पावलावर भार घेऊन उभं. चार पायांवर येतानाच माझं अडायला लागलं. ढकलायला गेले की कोपर कोसळायचं. तो तास गेला, दुसरा तास गेला. वन्सं शेजारच्या चटईवर लहान मुलीसारख्या टुणकन उठत होत्या आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हत्या.

तिसऱ्या तासाला ड्रायव्हरसाहेब माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि माझ्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या तळहाताखाली एक कागद सरकवला.

"टेकवा हात. ढकला."

मी ढकललं. त्यांनी कागद ओढला. तो सुळकन निघून आला.

"बाई, तुमचा हात जमिनीवर ठेवलेला आहे," ते म्हणाले. "टेकलेला नाहीये. तुम्ही जमिनीला घाबरता का?"

आणि मला एकदम लख्ख कळलं. मी जमिनीला घाबरत नव्हते. मी थर हलतील म्हणून घाबरत होते. चाळीस थरांच्या कापडावर हात ठेवायचा तो असाच, नुसता ठेवायचा. जरा भार पडला की खालचे थर सरकतात आणि चाळीस शर्टांच्या चाळीस बाह्या वाकड्या कापल्या जातात. पहिल्या वर्षी माझ्या मास्तरीणबाईंनी माझ्या हाताखाली खडूची पूड टाकून ती उमटते का ते बघितलं होतं. उमटली की परत. बेचाळीस वर्षं मी कशावरही हाताचा भार टाकला नाही. बारच्या वर्गात ज्या हाताची वाहवा झाली, तोच हात मला जमिनीवर बसवून ठेवत होता.

मी हे सगळं सांगितलं. ड्रायव्हरसाहेबांनी मन लावून ऐकलं. मग त्यांनी जमिनीवर जोरात हात आपटला.

"ही हलत नाही," ते म्हणाले. "काही वाकडं कापलं जायचं नाही. टाका भार."

सांगणं सोपं. पुढचे आठ-दहा दिवस मी घरात सगळीकडे भार टाकत हिंडले. ओट्यावर, टेबलावर, भिंतीवर तळहात दाबून उभी राहायची. सवय अशी चिवट की मनगट आपोआप वर उचललं जायचं. वन्सं येता-जाता तळहाताखालचा कागद ओढायच्या. "निघाला," म्हणायच्या. "निघाला. निघाला." एका गुरुवारी कागद फाटला. अर्धा त्यांच्या हातात, अर्धा माझ्या हाताखाली. आम्ही दोघी त्या कागदाकडे बघत राहिलो. त्या दिवशी मी चार पायांवर आले, आणि तिथून पुढचं काम बारनं केलं. एक पाऊल पुढे टाकलं आणि दगडासारख्या मांडीनं मला अशी वर घेतली की तोल जाऊन मी फ्रिजला आपटले. म्हणजे परीक्षेच्या दृष्टीनं नापास, पण उभी.

आठवा रविवार. लेक सकाळी अकराला आली. तिनं सोफा भिंतीकडे सरकवला, खुर्च्या बाहेर नेल्या, आणि मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरून गोल फिरली, काही हाताला लागत नाही ना ते बघायला.

"टेप आणली नाहीस?" मी विचारलं.

"गाडीत आहे," ती म्हणाली, आणि मला वाटतं ते खरं होतं.

पहिल्यांदा मी सावकाश उठले. दुसऱ्यांदा त्याहून सावकाश. तिसऱ्यांदा पाऊल पुढे टाकलं, उठायला लागले, आणि मध्येच मांडी थरथरली. मी अर्धी वर, अर्धी खाली. लेकीचा हात आपसूक पुढे आला.

"हात मागे," मी म्हटलं.

"आई, पडशील."

"हात मागे घे गं."

तिनं घेतला. कसा घेतला ते मी पाहिलं. दोन्ही हात पाठीमागे नेऊन तिनं एकमेकांत घट्ट धरून ठेवले. मी परत दोन्ही तळहात जमिनीवर आणले, दाबले, दोन श्वास तिथेच थांबले, आणि उठले. या वेळी सगळी.

लेक माझ्या पावलांकडे बघत राहिली. शेवटी वन्संनीच विचारलं, "पास की नापास ते सांग बाई. चहा गार होतोय."

"पास," लेक म्हणाली. "पण."

"पुलांना पण असतो?"

"असतो. दर सहा महिन्यांनी फेरतपासणी." मग ती भिंतीपाशी नेलेल्या सोफ्यावर बसली आणि मला शेजारी बसवलं. "आई, त्या दिवशी दीड तास तू खाली बसून काय केलंस?"

तिनं हे इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. "आधी चिडले. मग घाबरले. उठता येत नाही म्हणून नाही. तुला कळेल म्हणून."

ती माझा तळहात उलटा करून बघत बसली. "मला कळायलाच हवं ना गं," ती म्हणाली. "त्यासाठीच तर मी आहे. लपवायचं नाही. एवढं कबूल कर, मग राहा इथे शंभर वर्षं."

"आणि फोन गळ्यात अडकवायचा," वन्सं म्हणाल्या.

"तुमचं यंत्र कानात असेल तर कशाला लागेल?"

"दुपारी मी झोपते."

"झोपा. यंत्र घालून झोपा."

लेक हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्या खोलीचं मी आता काय करू? दोन हात रंग दिलाय. तुझ्या आवडीचा फिका हिरवा."

"माझ्या आवडीचा निळा."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. असू दे, हिरवाही चालेल. महिन्यातून एकदा येईन दोन दिवस राहायला, पाहुणी म्हणून. चहा हातात आणून द्यायचा." मी मनातल्या मनात हिशेब केला. मंगळवारी डावीकडचं दालन, शुक्रवारी उजवीकडचं. दोन्ही सोडवणार नव्हती. "पण शनिवार-रविवारीच हं. बाकी मला सवड नाही."